उपाशी राहायला परवानगी नाही

विश्रामबाग, सांगली

तीर्थस्वरूप एलिझरदादांस दानियलचा शालोम.

तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला? (मेहुण्याच्या गुडघ्यांची मी आपणहून चौकशी करतोय, म्हणजे मामला गंभीर आहे हे तुम्ही ओळखलं असेलच.) मी ठीक आहे, फक्त एका जागी बसवत नाही. सकाळपासून दोनतीनदा गच्चीवर जाऊन आलो. तिथं माझं काहीही काम नव्हतं.

आपली मिल्का गेल्यानंतरची ही पहिली दारफाळणी. (तुम्ही किप्पूर म्हणता, दार लावून दिवसभर उपाशीपोटी प्रार्थना करायची, तो दिवस.) यंदा तिच्यासाठी मी उपास धरणार, असं ठरवलं. जन्मभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं आणि तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागितला. यंदा मला पुरावा नको, उपास हवाय. तर माझी साखर आडवी आली. इथले बहुतेक डॉक्टर माझेच विद्यार्थी, ते काय म्हणणार ते ठाऊक होतं. म्हणून शेजारच्या सुभेदार धैर्यशीलना सोबत घेऊन गुपचूप एसटीनं सातारा गाठलं, अनोळखी दवाखाना शोधला, नंबर लावला, आणि आतून डॉक्टर शिवांजली आली ती थेट माझ्या पायाच पडली. हीसुद्धा बारावीला माझ्याकडेच! तिनं बोटाला सुई टोचली, आकडा बघितला आणि म्हणाली, "सर, उपास अजिबात करायचा नाही. मोजलेलं मान्य करायचं, हे तुम्हीच शिकवलंत." सुभेदारही फितूर झाले. "आवं सर, डाक्टरीणबाई बरुबर बोलत्यात. उपाशीपोटी चक्कर यिऊन पडलासा तर आमी काय करायचं?"

विज्ञानानं दगा दिला म्हणून धर्माला शरण आलो, म्हणजे तुम्हाला फोन केला. इतकी वर्षं पनवेलच्या सिनेगॉगमध्ये हज्जान म्हणून प्रार्थना चालवलीत (आता मुलावर सोपवलंत तरी), वाटलं, तुम्ही तरी म्हणाल, डॉक्टरांना काय कळतंय! तुम्ही म्हणालात, आजाऱ्यानं डॉक्टरचं ऐकून खाणं हीच देवाची आज्ञा. मी विचारलं, आजारी म्हणाला गरज नाही आणि डॉक्टर म्हणाला आहे, तर? डॉक्टरचं ऐका. आणि उलट झालं तर? आजाऱ्याचं ऐका! म्हणजे कुठूनही गेलं तरी माणूस जेवणारच. अहो, आपल्या जुन्या रब्बींनी असला एकतर्फी डाव मांडून ठेवलाय हे मला आधी का सांगितलं नाहीत? धर्म की विज्ञान म्हणून आपण दोघं घसा बसेपर्यंत भांडलो, आणि आता दोन्ही मिळून माझ्या ताटात भात वाढताहेत. मला लय राग आलाय. (शब्द इथला आहे, पण दुसरा पुरत नाही.)

वर तुमची सूचना, एकदम न जेवता थोडं थोडं, मध्ये वेळ सोडून, मापून खा. निवृत्तीच्या वेळी प्रयोगशाळेतून मिळालेलं मोजपात्र घासून ठेवलंय. हरलो मी.

आपला,
दानियल

ता. क. मी हरलो असं लिहिलंय ते वहिनींना वाचून दाखवू नका.

आणखी एक ता. क. मिल्का आदल्या दिवशीच माझं जेवण करून झाकून ठेवायची. दारफाळणीला मी जेवायचो आणि ती समोर बसून प्रार्थना म्हणायची. "दोघांचा मी धरलाय, तुम्ही सावकाश जेवा," म्हणायची. दादा, यंदा एकट्यानं मला तो घास गिळवायचा नाही. तुमचा उपास इथं येऊन करा. आदल्या संध्याकाळी, उपास लागायच्या आत पोचा, सुभेदार स्टँडवर येतील. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसून मोठ्यानं प्रार्थना म्हणा. मी जेवेन.