वळचणीखाली

बाबा, तुम्ही एकदाच माझ्या थोबाडीत मारलीत, त्याबद्दल लिहिते. वसईच्या चर्चची कौलं उतरवत होते, तुम्ही तिथे गवंडी, मी तुमची भाकर घेऊन आलेले. वरून एक कौल सुटलं आणि मी भिंत सोडून अंगणात पळाले. कौल माझ्या टाचेमागे फुटलं. तुम्ही खाली आलात, आधी मारलंत, मग बोललात, "वरून काही आलं तर भिंतीला चिकटायचं, गाढवे! पळतेस कुठे?" भाकर मात्र निवांत खाल्लीत. मी कितीतरी दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुमच्या ध्यानातही आलं नसेल.

आता मी कॅनडात, डोंगरातल्या एका गावात राहते. लेकाने हॅमिल्टन शहर सोडलं आणि इथल्या हॉटेलात आचारी झाला, त्याच्यामागून माझं बोचकं. इथलं चर्च बघून तुम्ही नाक मुरडलं असतंत. खाली दगड, वर सगळं लाकूड, घंटेच्या मनोऱ्यावर कांद्यासारखा घुमट. आल्प्सच्या डोंगरांतून आलेल्या लोकांनी आपल्या गावचं चर्च आठवून आठवून बांधलं, असं फादर सांगतात. बर्फ टिकू नये म्हणून छप्पर इतकं उभं की माकडसुद्धा घसरेल, आणि वळचण भिंतीच्या चांगली पुढे काढलेली. बाजूला दार नाही. का नाही, ते मी कधी विचारलं नाही.

मार्चातला रविवार. मिस्सेची प्रार्थना सुटली. वळचणीखाली उभं राहून गावाची धुणी धुतल्याशिवाय वसईची बाई घरी जाते का? इथले लोक पुढच्या दाराशी थांबतात. मी नातीला घेऊन बाजूच्या भिंतीला टेकले. "ग्रँडमा, इट्स सो वॉर्म हिअर," ती म्हणते. वरून थेंब गळतायत. मग छपरावर काहीतरी करकरलं.

रस्त्यावरून लेक ओरडला, "आई, पळ! तिला घेऊन बाहेर ये!" चर्च झाडणारी म्हातारी, त्या बांधणाऱ्यांपैकीच कुणाची तरी नात, दोन्ही हात दाखवून किंचाळतेय, "स्टे! स्टे देअर!" पोर बापाकडे निघाली. मी तिच्या जॅकेटची टोपी धरली, मागे ओढली, भिंतीशी दाबली. "लेट गो!" आणि अख्ख्या छपराचा बर्फ आमच्या पुढ्यात कोसळला, ती जिथे पोचली असती तिथेच. उजेड गेला. गुडघ्यापर्यंत बर्फ, तोंडात बर्फ, आणि पोर माझ्या पोटाशी रडतेय. रडतेय म्हणजे आहे.

फावड्यांनी आम्हाला मोकळं केलं. लेकाचा चेहरा पांढरा. "थांबायचं हे तुला कसं कळलं?"

"माझ्या बापाने शिकवलंय," मी ताठ मानेने सांगितलं.

पुढच्या रविवारी फादरने वसईच्या गवंड्याची गोष्ट मिस्सेत सांगितली. व्हॉट्सअ‍ॅपवरून ती वसईलाही पोचली. बसा आता मिरवत.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच खरं लिहिते. त्या वेळी मला तुम्ही आठवलाच नाहीत. भीतीने माझे गुडघे जागीच आखडले होते. एक पाऊल जरी उचलता आलं असतं, तरी मी पोरीला घेऊन पळालेच असते.