कुंपणावरची लाल गोधडी

शुक्रवार, ४ ऑक्टोबर १९९१

पाहिला एकदाचा! त्या सिनेमाचं नाव मी या वहीत लिहिणार नाही. पडद्यावर माझा बाप होता म्हणे. बत्तीसच्या बत्तीस दात, पांढरेशुभ्र! आमच्या बाबांचे पुढचे दोन दात खेचराने पाडले होते, हसताना तोंडावर हात धरायचे. हा मेला अख्खा सिनेमाभर हसतोय. साठ वर्षांपूर्वीच्या त्या दारूबंदीत डोंगरात हातभट्टी लावणारा माणूस हसत नसायचा, कान टवकारून बसलेला असायचा.

आणि आई? नुसती दारात उभी. वारा आला की केस उडवायचे, एवढंच काम.

मग तो शेवट. कुंपणावर लाल गोधडी — म्हणजे खोऱ्यात सरकारी माणसं आलीत, भट्टीवरून खाली येऊ नका. शेजारचा ल्यूथर केट्स येतो, इकडेतिकडे बघतो, गोधडी ओढून घेतो. बाबा वरून बघतात, कुंपण मोकळं. उतरतात. गोळ्या. थिएटरात बायका रडत होत्या. खाणावळवाला बर्ल तर पडद्याकडे बघून ल्यूथरला शिव्या देत होता.

डेल्फी माझ्यापुढे दोन रांगा सोडून बसली होती. ल्यूथरची मुलगी. वळून बघेल असं वाटलं. नाही बघितलं.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

रोवीनाने रोआनोकहून सिनेमाच्या परीक्षणांची पाकीटभर कात्रणं पाठवलीत. वर चिठ्ठी — 'आत्या, तुझा बाप देशभर गाजतोय!' भाची आहे म्हणून सोडते.

एकाने लिहिलंय, गोळीबार म्हणजे 'नृत्यच'. नृत्य! तुझ्या बापाला घालू दे कुणीतरी गोळी, मग नाच तू. दुसऱ्याला आमचं जग 'अडाणी पण रांगडं' वाटलं. अडाणी? माझा बाप बायबल वाचायचा, आणि मक्याच्या एका पोत्यातून किती दारू उतरेल ते बोटांवर सांगायचा. तिसरा म्हणतो, बारकावे किती खरे! कसले डोंबलाचे खरे? पडद्यावरचा बाप बोट बुडवून दारू चाखतो. बाबा बरणी हलवायचे आणि वर येणारे बुडबुडे बघायचे. मोठे बुडबुडे चटकन विरले, तर माल कडक. चाखत बसले असते तर दुपारपर्यंत आडवे झाले असते!

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत. ल्यूथर झालेला नट. 'गवतातला साप.' 'अंगावर काटा आणणारा विश्वासघातकी.' त्याला बक्षीस द्या म्हणे.

कात्रणं मोठ्या बायबलात ठेवली. जाळायला हवी होती.

बुधवार, ९ ऑक्टोबर

बर्लने ते सापवालं कात्रण खाणावळीच्या भिंतीवर डकवलंय, पैसे घेतो तिथेच. डेल्फी नेहमीसारखी सकाळी कॉफीला आली. बर्ल म्हणतो, "काय डेल्फी, आज कुणाची गोधडी ओढलीस?" सगळे फिदीफिदी हसले. तिने कप तसाच ठेवला, कोट घातला, गेली.

मी? बर्लच्या थोबाडीत द्यायची सोडून कपात बघत बसले. घरी येऊन बशी आपटली. चांगली निळ्या फुलांची बशी होती.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

आज रोवीनाकडून न्यूयॉर्कच्या एका पेपरवाल्याचं परीक्षण आलं. हार्टविग नाव. एकट्यानेच सिनेमाला झोडपलंय, म्हणून खूश होऊन वाचायला बसले — आणि डोकंच फिरलं!

जसंच्या तसं उतरवते: 'ल्यूथर हे का करतो? त्याला काय मिळतं? सिनेमाला ठाऊक नाही. भरदिवसा, उघड्या माळावर, सगळ्या गावाच्या नजरेसमोर येऊन गोधडी ओढणारा हा कसला खबऱ्या? ही गोष्ट घडलेली वाटत नाही. कुणाला तरी ती अशीच हवी होती, म्हणून सांगितलेली वाटते.'

तुला काय ठाऊक रे? आठव्या मजल्यावर बसून लिहितोस. कुंपण कधी जवळून पाहिलंयस? कुणाला हवी होती म्हणे! कात्रण चुलीत टाकलं. मग चिमट्याने बाहेर काढलं. कडा तेवढ्या जळल्या आहेत.

दोन वर्षांपूर्वी ती सिनेमाची माणसं माझ्याच स्वयंपाकघरात बसली होती. घेवडा वाढला, गरम मक्याचा पाव वाढला. सगळं मीच सांगितलं त्यांना. आई सांगायची तसं, शब्द न शब्द. बाबांचे पडलेले दात तेवढे सोडून!

रविवार, १३ ऑक्टोबर

चर्चमध्ये डेल्फी नव्हती. आमचा तिसरा बाक. डावीकडे ती, उजवीकडे मी. ल्यूथरकाका गेले त्यानंतरच्या रविवारी ती आपण होऊन माझ्याशेजारी येऊन बसली, तेव्हापासून. केट्सांच्या शेजारी कोणी बसत नसे. मी सरकून जागा दिली, तर लोक म्हणाले, ओर्फाचं मन केवढं मोठं!

आज बाक रिकामा बघून पाद्रीबाबा प्रवचनात क्षमेवर घसरले. केट्सांना क्षमा करा म्हणे. उठून जावंसं वाटलं. बसून राहिले.

सोमवार, १४ ऑक्टोबर

हार्टविगला पत्र लिहायला घेतलं. 'महाशय, आपल्याला आमच्याबद्दल काडीचीही माहिती नाही.' इथवर झकास. मग — 'त्या दिवशी सकाळी दुकानदाराकडून निरोप आला आणि माझ्या आईने लाल गोधडी कुंपणावर टाकली. त्यानंतर' —

तीन कागद फाडले. तिन्ही त्या 'त्यानंतर'पाशीच अडले.

बुधवार, १६ ऑक्टोबर

कुणीतरी डेल्फीच्या कुंपणावर लाल घोंगडं टाकलं, त्यावर पांढऱ्या रंगाने 'साप'. दुपारी पोस्टात जाताना दिसलं. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, एकही थांबली नाही. एकाने तर हॉर्न वाजवला, गंमत म्हणून! सत्तर वर्षांची बाई आहे ती. गुडघे गेलेत, खाली कशी उतरून काढणार? अरे, काही लाज?

मीच काढलं. दोन्ही हातांनी ओढलं, खांद्यावर घेतलं, मधोमध घडी घातली. आणि तिथेच उभी राहिले. हातांना ती घडी ठाऊक होती.

आता लिहूनच टाकते. इथे कोण वाचणार आहे?

बाबा गेले त्या दिवशी दुपारी पावसाचे चार थेंब पडले होते. फक्त चार. आमच्या डोंगरात मुलींना चालता येण्याआधी शिकवतात — थेंब पडला की आधी गोधडी आत, मग पोरं आत. एक गोधडी म्हणजे चार बायकांची अख्ख्या हिवाळ्याची मेहनत. भिजली तर मार. मी दहा वर्षांची, आई गोठ्यात. ती गोधडी खुणेची आहे हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं! पण हात आधी धावले. आत आणली, घडी केली, खाटेच्या पायथ्याशी ठेवली. आई शाबासकी देईल असं वाटत होतं.

मग वरच्या वाटेवरून गोळ्यांचे आवाज आले. आई धावत घरात आली. आधी गोधडी बघितली. मग मला. संध्याकाळी अंगणात माणसं जमली, तेव्हा म्हणाली, "ल्यूथरने काढली. मी डोळ्यांनी पाहिलं."

ल्यूथरकाका त्या दुपारी पलीकडे स्वतःचं कुंपण दुरुस्त करत होते. बाकी काही नाही. एवढ्यावर त्यांच्या पोरांना शाळेत दगड बसले. त्यांच्या घरातलं लोणी कुणी विकत घेईना. आणि मी साठ वर्षं होकाराची मान हलवत राहिले, सिनेमावाल्यांना तर जेवायला वाढून वाढून सांगितलं!

कुणाच्या नावाने एवढी आदळआपट करत होते मी दोन आठवडे? बर्लच्या? हार्टविगच्या?

गुरुवार, १७ ऑक्टोबर

उद्या डेल्फीकडे जायचं. तिने दार लावलं तर पायरीवर बसून सांगायचं. शिव्या दिल्या तर खायच्या.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

सांगितलं. हार्टविगचं जळक्या कडांचं कात्रणही पुढे ठेवलं. डेल्फी कॉफी ओतत होती, ओततच राहिली. म्हणाली, "ठाऊक आहे गं मला. बाबांनी कुंपणापलीकडून पाहिलं होतं तुला. शेवटच्या आजारात मला सांगितलं — डेल्फी, ती पोर दहा वर्षांची होती, बाप गेला होता, आणखी हे कुठे तिच्या गळ्यात घालायचं? बस जाऊन तिच्याजवळ."

मला रडूही येईना. म्हटलं, रविवारी चर्चमध्ये उभी राहून सगळ्यांना सांगते. बर्लला त्याच्या भिंतीसमोर सांगते.

"सांग," ती म्हणाली. "पण आधी त्या न्यूयॉर्कवाल्याला लिही. साठ वर्षांत माझ्या बाबांच्या बाजूने बोललेला तो एकटाच."