तुझ्यापाशी बसून उठलो

प्रिय गिरजा,

आज भर दुपारी शेतात तुझ्या समाधीपाशी येऊन गेलो. तिथं तुझ्याशी बोलायचं राहिलं, म्हणून आता उदगीरच्या घरी, ओसरीवर बसून लिहितोय. मांड्या अजून थरथरतायत. श्रमानं की भीतीनं, ते तूच सांग!

आपल्या लिंगायतांत माणसाला मातीत निजवत नाहीत, बसवतात. तुलाही मांडी घालून बसवलं. तेव्हापासून तू मला झोपलेली कधी दिसतच नाहीस. दिसतेस ती बसलेली, वाट बघत. मातीखाली ताटकळत बसतं का गं कुणी असं?

"बसा की थोडं!" हे तुझं जन्माचं गाऱ्हाणं. गेल्या दिवाळीनंतर एका सोमवारी आलो आणि खरंच बसलो. मग उठताच येईना! गुडघे जागचे हलेनात. आणि धोतराचा सोगा मागून कुणीतरी धरलेला. वळून पाहिलं, तर ना काटा ना कुसळ. नुसती माती. उन्हं कलली तेव्हा शेजारचा बालाजी बैलं घेऊन निघाला, त्याला मी दिसलो.

"मामा, इथं काय करून राहिलात?"

"बसलोय."

"ते दिसून राहिलं. उठायचं हाय का न्हाई?"

बगलेत हात घालून त्यानं मला ज्वारीच्या पोत्यासारखं उचललं.

झालं! मंगल नांदेडहून धावत आली. लेक अगदी तुझ्या वळणावर गेलीय. "अप्पा, आता माझ्याकडंच राहायचं. आईपाशी जायचं बंद. खाली बसून, कुणाचा हात न धरता उठून दाखवा, मग उदगीरला सोडते." म्हणजे घर तुटलं, शेत तुटलं, तूही तुटलीस!

नांदेडचे डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, हाडं बरी हायत, पण मांड्यांत जोरच उरला नाही. नुसतं फिरून भागणार नाही, बेतानं वजनं उचला." या वयात मी जिममध्ये! तू पदर तोंडाला लावून हसली असतीस.

तिथं शिकवणारी सना म्हणायची, "आजोबा, मोजा." आकडे कसले रुक्ष! मी वर्गात शिकवलेल्या कविता म्हणत खुर्चीवर बसायचो, उठायचो. एका ओळीला खाली, दुसरीला वर. "आजोबा, लहान कविता घ्या ना! दम लागून राहिला तुम्हाला."

पण त्या भिंतभर आरशात माझ्यामागं कुणीतरी मांडी घालून बसलेलं दिसायचं. वळलो की तिथं गुंडाळलेली सतरंजी. आरशात पाहिलं की पुन्हा तेच कुणीतरी बसलेलं. "मागं काय बघता आजोबा? समोर बघा, कंबर मागं!" सनाला दिसत नव्हतं. तूच होतीस ना?

हळूहळू अंग वळणावर आलं. कठड्याला न धरता जिना चढू लागलो. तोल सावरू लागला, साखर आटोक्यात आली, झोप गाढ झाली. म्हातारपणी शरीर नुसतं झिजतं असं मी समजून होतो. तसं नाही गं! मागितलं की तेही थोडं परत देतं.

आज परीक्षा. मंगल बांधावर उभी राहिली. मी तुझ्यापाशी मांडी घातली. लिंबाचं पानही हलत नव्हतं. एवढ्या उन्हात कानाशी गार वारा आला, आणि शब्द आले. तुझेच. सोगा ताणला गेला, मागच्यापेक्षा जोरात. क्षणभर वाटलं, राहावं बसून. काय घाई आहे?

मग एक पाऊल रोवलं, पुढं झुकलो, टाचेवर जोर दिला. उठलो! कुणाचा हात नाही, कसला आधार नाही.

मंगल रडतच धावली. मग थबकली. "अप्पा, सोग्याला एवढ्या चुण्या कशानं पडल्या? जशी मूठच वळली होती!"

"बसलो होतो ना," म्हणालो. तिला आणखी काय सांगू?

आता मी इथंच राहणार. सनानं दिलेली वजनं ओसरीवरच ठेवलीत, ती सोडणार नाही. दर सोमवारी येईन, तुझ्यापाशी बसेन आणि माझ्या पायांनी उठून घरी जाईन. हा माझा शब्द.

तू धरू नकोस, असं मात्र मी म्हणणार नाही.

तुझाच,
गुरुलिंग