पडायचा पहिला तास

प्रिय धाकटे,

लहान मुलींचा जिम्नॅस्टिक्सचा पोशाख ज्याने पहिल्यांदा बेतला, त्याच्यावर खटला भरायला हवा, आणि तो चालवायला मी दवाखाना बंद ठेवून यायला तयार आहे. त्या पोशाखाला भोकं पाच आणि तुझ्या मुलीला टोकं निदान नऊ. आज सकाळी वीस मिनिटं मी आणि तुझी वहिनी तिला त्यात भरत होतो. एकदा डोकं पायाच्या भोकातून वर आलं, तेव्हा बाईसाहेब अगदी शांतपणे म्हणाल्या, "मामा, रस्ता चुकला." बावीस वर्षं लोकांच्या अक्कलदाढा उपटतोय, पण इतका घाम कधी फुटला नव्हता. वहिनी म्हणाली, "तुम्ही बाजूला व्हा, तुम्ही ओढताय." सवय आहे गं, दुसरं काय.

परवा फोनवर तू म्हणालीस की रविवारी तिकीट काढतेस आणि पूल तपासायचा कोर्स अर्धवट टाकून येतेस. तिकीट काढण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. मुद्दाम हाताने लिहून पानांचे फोटो पाठवतोय. फोनवर माझी जीभ फार सैल सुटते. अक्षर डॉक्टरचं आहे, तेव्हा चष्मा लाव.

तर क्लास. कापडाच्या गोदामामागे एक लांबट हॉल आहे. वर उंच खिडक्या, खाली निळ्या गाद्या, आणि रबर नि लहान मुलांचे पाय यांचा मिळून एक वास. पालकांसाठी भिंतीला लागून वीतभर उंचीचं बाक. त्यावर बसलं की आपलेच गुडघे आपल्या कानाशी येतात. बाकासमोर जमिनीवर लाल चिकटपट्टी, ती पालकांनी ओलांडायची नाही. तीन ते पाच वर्षांची अकरा पोरं, त्यात आपली भिंगरी उंचीने शेवटून दुसरी. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, एका गुडघ्याला पट्टा बांधलेला. गळ्यात शिट्टी, पण ती त्यांनी एकदाही वाजवली नाही. मला वाटलं होतं, नमस्कार-चमत्कार होतील, टाळ्या होतील, एखादी सोपी कोलांटी होईल. बाई म्हणाल्या, "आज आपण पडायला शिकायचं." पहिला अर्धा तास नुसतं पडणं. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात पोटाशी, आणि धप्प. मागे पडा, कुशीवर पडा, उठा, परत पडा. माझ्या शेजारच्या आजोबांनी विचारलं, "याची फी घेतात?" मी म्हटलं, "आजोबा, आपण हे फुकटात केलं म्हणून कंबर गेली."

एक पोरगा आईच्या नावाने गळा काढून बसला होता. भिंगरी स्वतःची धप्प सोडून त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, "तू आधी पड, मग रड." तो पडला. मग रडायचं विसरला. रोज तीस पेशंट रडवून मला जे जमलं नाही, ते या साडेतीन वर्षांच्या बाईला एका वाक्यात जमलं.

आणि मग पुढे मी माती खाल्ली. आपलं घराणं तुला ठाऊकच आहे. बाबा बल्ब बदलायला स्टुलावर चढले की आई, आजी, मी आणि शेजारचे काका, चौघं खाली हात पसरून उभे. लावणारा एक, झेलणारे चार. अशा घरात जन्मून तू दोरीला लटकत पुलांच्या पोटाखालचे तडे शोधायचं काम पत्करलंस, हे कुठून आलं देव जाणे. तर अर्ध्या तासानंतर बाईंनी गादीवर लाकडी पट्टी मांडली. रुंदी तळहाताएवढी, उंची माझ्या बुटाएवढी. भिंगरी तिच्यावर चढली, हात पसरले, तीन पावलं चालली आणि चौथ्याला डगमगली. पुढचं मला नीट आठवत नाही. शेजारच्या आजोबांची पिशवी मी उडवली, लाल पट्टी ओलांडली आणि चार इंचांवरून कोसळणाऱ्या तुझ्या मुलीला हवेतच पकडलं. भिंगरी माझ्या हातात लोंबकळत होती आणि रागाने तांबडी झाली होती. "मामा, मी पडत होते ना. कशाला धरलंस?"

बाई जवळ आल्या. ओरडल्या नाहीत, हीच पंचाईत. म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या पेशंटच्या तोंडात मी कधी हात घालते का? मग बसा. आणि हातांवर बसा." मी खरंच दोन्ही तळहात मांड्यांखाली घेऊन बसलो. पंचेचाळिसाव्या वर्षी. आजोबा गालातल्या गालात हसत पिशवीतली लिंबं गोळा करत होते.

भिंगरी परत चढली. पाचव्या पावलाला पडली, पाठ गोल करून, अगदी शिकवल्यासारखी. उठली. पुन्हा पडली. बाई तिच्याबरोबर चालत होत्या, पण हात पाठीमागे बांधून. चौथ्यांदा ती टोकापर्यंत गेली. मला वाटलं आता माझ्याकडे बघेल, हसेल, मग मी टाळ्या वाजवीन. ती वळली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, परत चढायला. माझ्याकडे बघायची तिला गरजच नव्हती. तुला सांगतो, कुणी आपल्याकडे न बघितल्याचा इतका अभिमान मला आजवर वाटला नव्हता.

येताना गाडीत तिने विचारलं, "आईच्या पुलाखाली गादी असते?" मी म्हटलं, "नाही, दोरी असते." तिने थोडा विचार केला. "दोन?" "हो, दोन." "मग ठीक आहे," म्हणाली आणि खिडकीतून कुत्रे मोजू लागली.

आता जे सांगायला बसलोय ते. ती रडत नाही. रोज झोपताना तुझं नाव घेऊन हुंदके देते, जेवत नाही, हे जे मी तुला तीनदा फोनवर सांगितलं, ते खोटं होतं. पहिल्या रात्री एकदा "आई कधी?" विचारलं, तेवढंच. हुंदके मी माझ्या खुर्चीतल्या पोरांकडून उसने घेतले. मला त्यांचा तोटा नाही. तू लटकतेस हे मला सहन होत नव्हतं, आणि मुलीच्या नावाने तुला खाली उतरवणं सगळ्यात सोपं होतं. वहिनीने ओळखलं होतं. म्हणूनच आठवडाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. तिकीट काढू नकोस. पुढचे दोन महिने पुरे कर. तुला माझा राग येईल, तो येऊ दे; मी त्यालाच लायक आहे. आत्ता भिंगरीला शेजारी बसवून सांगितलं की आई अजून आठ आठवड्यांनी येणार, त्याआधी नाही. ती "बरं" म्हणाली आणि दूध मागितलं.

तुझाच,
दादा