जिथे न तिथे ण

१ फेब्रुवारी, रविवार

आजपासून मी, प्रणित, रोजनिशी लिहिणार. मोठ्या माणसांची सुरुवात अशीच होते.

परिस्थिती अशी. दिवाळीनंतर आम्ही गव्हाण गाव सोडून पनवेलच्या या टॉवरमध्ये आलो. माझे आजोबा मिठागरातलं मीठ पनवेलच्या बाजारात विकायला आणायचे, तेव्हा ही सोसायटी म्हणजे नुसता चिखल होता. आता इथे डोंबिवली, सातारा, पुणे, कुठून कुठून आलेले लोक राहतात आणि मला विचारतात, नवीन का? सोसायटीतल्या मुलामुलींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मी त्यात नाही. विसरले असतील.

आज लिफ्टमध्ये वल्लरी होती. (नववा मजला. माझ्याच वयाची. कथक शिकते.) सोबत तिची आई. मी सहज म्हणालो, आमच्या नलाला पानी नाय आला. तिची आई म्हणाली, पाणी. नळाला. वल्लरी हसली. चांगल्या अर्थानेच हसली असणार, पण तळमजला येईपर्यंत हसत होती.

संकल्प: सत्तावीस तारखेला सोसायटीत मराठी भाषा दिन आहे. सूत्रसंचालन मी करणार. शुद्ध मराठीत. मग ग्रुपमध्ये घ्यावंच लागेल.

२ फेब्रुवारी

नियम सापडला! आम्ही पानी म्हणतो, हे पाणी म्हणतात. आम्ही शाला, हे शाळा. म्हणजे जिथे न तिथे ण, जिथे ल तिथे ळ. बस्स. एवढ्यासाठी लोकांनी व्याकरणाची जाडजूड पुस्तकं लिहिली. छापलेल्या पुस्तकात बऱ्याच ठिकाणी न आणि ल दिसतात, त्याने गोंधळून जायचं नाही. लिहिणं वेगळं, बोलणं वेगळं.

५ फेब्रुवारी

घरी सराव सुरू. जेवताना म्हणालो, "आई, मळा अजूण थोडं काळवण वाढ."

आईने आधी ताटात पाहिलं, मग माझ्या तोंडात. "काय रं, घशान काटा आरकला काय? सुका भात गिल, भात."

तीन घास न चावता गिळायला लावले. बाबांनी पाठीत दणके घातले ते वेगळेच. समाजसुधारकांना पहिला विरोध घरातूनच होतो.

८ फेब्रुवारी

क्लबहाउसमध्ये निवड झाली. सेक्रेटरी वैशंपायन काका परीक्षक. दुसरा उमेदवार होता, त्याची बारावीची परीक्षा तोंडावर आली म्हणून त्याच्या आईने त्याला कानाला धरून नेलं. तरी माझी निवड गुणवत्तेवरच झाली असं मी समजतो.

मी म्हणालो, "णमस्कार मंडळी, मणापासूण स्वागत." काकांनी टाळीच वाजवली. किती दिवस शिकतोयस, विचारलं. मी खरं सांगितलं, एक आठवडा. काका खुर्चीवरून उठले! म्हणाले, आमच्याकडे काही लोकांना तीस वर्षं राहून जमत नाही. मग विचारलं, मूळ गाव कुठलं? मी म्हणालो, इथूण अर्ध्या तासावर. काका म्हणाले, हो हो, विमानाने! आणि खो खो हसले. मीही हसलो. विनोद कळला नाही, पण मोठ्या वर्तुळात वावरायचं तर हसावं लागतं.

१४ फेब्रुवारी

तारखेचा विशेष अर्थ काढू नये. पण वल्लरी आपणहून बोलली.

तिने विचारलं, तुमच्याकडे रोज सांबार असतं का? मी हो म्हणालो. मग विचारलं, 'कशी आहेस'ला तुमच्या भाषेत काय म्हणतात? मी शांतपणे म्हणालो, 'कशी आहेस'. ती म्हणाली, अय्या, इतकं सेम?

"तुमच्या भाषेत" म्हणाली! म्हणजे शुद्ध मराठी आता माझी झाली, हे नवव्या मजल्याने मान्य केलं.

घरी येऊन आईला सांबार करायला सांगितलं. ती म्हणाली, बोंबील केलेत, ते गिल गुमान.

१९ फेब्रुवारी

तयारी उत्तम. मिशी प्रगतिपथावर. आरशासमोर 'वळ्ळरी' हे नाव घेतो. जीभ जरा सुजली आहे.

बाबांनी विचारलं, तुला आपली बोली बोलायला लाज वाटते काय? मी म्हटलं, छे, करिअरचा प्रश्न आहे. मग ते पेपर उघडून बसले. पटलं असावं.

२७ फेब्रुवारी, कार्यक्रमानंतर

थोडक्यात लिहितो.

हॉल भरलेला. आईबाबा तिसऱ्या रांगेत, आई नऊवारी नेसून. सुरुवात झकास. मग वल्लरीचं कथक. मी आवाज चढवला: "आता कुमारी वळ्ळरी आपळ्या कळा सादर करतीळ!"

पहिल्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीच्या नाकात सरबत गेलं. कळा बाळंतिणीला येतात हे मला माहीत आहे, पण नियमात तसं बसत होतं. वल्लरी लाल होऊन नाचली.

शेवटी वैशंपायन काकांनी माइक घेतला. म्हणाले, यंदा एक खास पारितोषिक आहे. मातृभाषा मराठी नसूनही जिद्दीने मराठी शिकणाऱ्या रहिवाशाला. मी सूत्रसंचालक, म्हणून टाळ्या मीच सुरू केल्या. मग नाव पुकारलं. प्रणित.

मी टाळ्या वाजवतच राहिलो. दुसरं काय करायचं ते सुचेना.

आई ताडकन उठली. "आवं, यो माजा पोरगा हाय! आमी गव्हानची मानसा, आगरी! त्याला मराटी काय शिकवताव?"

काकांनी तिला हात जोडले. म्हणाले, पाहा मंडळी, यांच्या मातोश्रींनी तर इथली स्थानिक बोलीसुद्धा आत्मसात केली! सगळा हॉल उभा राहिला. आईसाठी टाळ्या. माइक माझ्या हातात होता. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. मी म्हणालो, "धण्यवाद."

घरी आल्यावर आई नऊवारी सोडून घडी घालत बसली. मग एवढंच म्हणाली, "तू मना वलक पन दिली नाय रं."

बाथरूममध्ये जाऊन रडलो. खूप वाईट वाटलं. याचं कारण शोधतोय, मिळत नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी ग्रुपमध्ये घेतलं. महिनाभर ज्यासाठी जीभ सुजवली ते झालं. हसऱ्या चेहऱ्यांच्या चित्रांचा पाऊस. कुणीतरी विचारलं, इडली पार्टी कधी? वल्लरीने लिहिलं, आम्हाला तुमच्या साउथला कधी नेतोस?

मी खुलासा लिहिला. चांगला लांबलचक, शुद्ध, परिच्छेद पाडून. पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. आई स्वयंपाकघरात होती, अजून माझ्याशी बोलत नव्हती. शेवटी घरी बोलतो तसंच लिहिलं आणि डोळे मिटून पाठवून दिलं:

"मी इथलाच हाय."

मग एकेक उत्तर आलं. "हाय!" "हाय प्रणित!" "हाय ब्रो." वल्लरीने हलणाऱ्या हातासकट, "हाय हाय!"

कपाळाला हात लावून बसलो. तेवढ्यात आई मागून आली, माझ्या खांद्यावरून फोन वाचायला लागली. आधी माझं वाक्य वाचलं, मग खालची सगळी उत्तरं, बोट लावून, एकेक करून. तिचा चेहरा कालपासून पहिल्यांदा उजळला.

"बग, सगली हाय बोलतान," ती म्हणाली. "शिकली रं आपली भासा!"

मी म्हणालो, शिकतान आई, हलूहलू.