काजू नको म्हणणारा माणूस

शांभवीअक्का,

खरं सांग, माझ्यासाठी तू कुणाकडं शब्द टाकलास काय?

त्या ओपन सोर्सवाल्यांकडं मी अर्ज केलता. कॉलेजचे विषय राहिलेत, तरी विद्यार्थी म्हणूनच. प्रोग्राम सगळ्यांना फुकट, दुरुस्ती कुणीबी पाठवावी, असा त्यांचा कारभार. तारखा दाखवण्यातली एक चूक मी शोधली, दुरुस्त करून पाठवली. मग आपल्या रिवाजाप्रमाणं तिथल्या मुख्य माणसाला लिहिलं, "साहेब, पत्ता द्या, आजऱ्याचे काजू धाडतो." त्यानं सगळ्यांना दिसेल असं उत्तर दिलं, "काजू नकोत. दुरुस्ती चालते का, त्याची चाचणी जोडा." जोडली. काल त्यांनी दुरुस्ती घेतली, वर पुढच्या कामाला मलाच निवडलं.

कबनूरपासून जयसिंगपूरपर्यंत हिंडलोय मी, काजू नको म्हणणारा साहेब बघितला न्हाय. (जयसिंगपूर स्टँडजवळचा वडा मात्र भारी. असू दे.) मग निवड झाली कशी? तू बंगळुरात, त्याच धंद्यात. आजवरची माझी सगळी कामं तुझ्याच ओळखीची, अन् सगळी मी सोडलेली.

आप्पा सकाळी म्हणाले, "ह्या खेपेला वशिला कुणाचा?"

"कुणाचा न्हाय."

"व्हय, व्हय," म्हणत हसले.

तू व्हय म्हणालीस, तर त्यांचं हसणं खरं ठरतंय. अन् न्हाय म्हणालीस, तर हे काम माझं एकट्याचं. मग सोडून पळताना खापर कुणावर फोडू?

म्हणून हे पत्र धाडत न्हाय.

तुझा, सध्या घरातच असलेला,
श्रीशैल