आत्याबाई, मी चाखून पाहिलं

आत्याबाई, तुमचा पाटा मी पुन्हा घरात घेतला आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. त्यातली अकरा वर्षं तो मोरीच्या भिंतीला उभा होता आणि त्याच्यावर मी चपला वाळत टाकत होते. वरवंट्याला कोंबड्यांच्या खुराड्याचं दार अडवायची नोकरी दिली होती. हे तुम्हाला वरून दिसत असेल तर माझ्याबद्दल काय काय बोलला असाल ते मला पाठ आहे, त्यामुळे ते इथं लिहीत नाही. गेल्या महिन्यात तो घासूनपुसून आत आणला, टाकीवालीकडून टाकी लावून पुन्हा खरबरीत करून घेतला आणि त्याच्यावर पहिलं वाटण वाटलं ते तुमच्या कांदाखोबऱ्याचं नव्हे. गवती चहाचं.

नीट सांगते, नाहीतर तुम्ही मधेच तोडाल. तुमच्या नातवाचं, माझ्या मुलाचं, लग्न झालं. वरव्याजवळच्या ज्या कारखान्यात तो आहे, त्यांनी त्याला सहा महिने यंत्र शिकायला थायलंडला पाठवलं. यंत्र किती शिकला ते कारखान्याला ठाऊक, बायको मात्र घेऊन आला. पोरगी तिकडचीच. आपल्या मार्गासनीतलं एकही घर उरलं नाही जिथून कुणी ना कुणी बघायला आलं नाही. वरच्या आळीच्या म्हातारीनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, त्यांच्यात भात खातात का. मी म्हटलं, खातात, आपल्यापेक्षा दोन मुठी जास्तच. एवढ्यावर म्हातारीनं सून पास केली. पोरगी दीड वर्षात मराठी शिकली, पण शेजारणींकडून शिकली, त्यामुळे लई, न्हाई, व्हय असं तुमच्यासारखं बोलते. एकदा मी तिला पुस्तकातली मराठी शिकवायला गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, हितं असं कुणीच बोलत न्हाई." मी वही मिटली.

तर तिला दिवस गेले. आणि तिसऱ्या महिन्यात तिचं अन्न तुटलं. पोटात काही ठरेना. फोडणीचा वास आला की ती तोंडावर ओढणी धरून परसात पळायची. भोरच्या डॉक्टरणीनं दोनदा सलाईन लावलं आणि तिसऱ्या खेपेला बजावलं की वजन आणखी उतरलं तर दवाखान्यात ठेवून घेईन. गाल बसलेले, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. मी पिठलं केलं, मेतकूट-भात केला, नाचणीची आंबील केली. ती प्रत्येक गोष्टीचे दोन घास माझ्या समाधानासाठी खायची आणि ते उलटून टाकायची. तुमचा नातू मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला की तिला तिच्या आईकडं पोचवून येतो. अशा तब्येतीत विमानात बसवणार का, हे मी विचारलं, पण मला खरी भीती दुसरीच होती. ती अशी उपाशी इथून गेली तर परत यायला तिचं मन घेईल का, ही.

तेव्हा मला तुम्ही आठवलात. तुमचा हा नातू माझ्या पोटात होता आणि मला धरणाच्या माशांचे डोहाळे लागले होते. मी ते बोलून दाखवलं नव्हतं, झोपेत बरळले असेन. तुम्ही दोन एसट्या बदलून भाटघरला गेलात आणि संध्याकाळी पिशवीत पानांत गुंडाळलेले दोन मासे घेऊन आलात. तळून ताट माझ्यापुढं सरकवलंत आणि म्हणालात, "खा गप." एवढंच. माझ्या उभ्या जन्मात मला मिळालेली ती सगळ्यात गोड भेट, आणि ती देताना तुमचा चेहरा फौजदारासारखा होता.

म्हणून मी सुनेला विचारलं, काय खावंसं वाटतं ते सांग, मी करते. ती म्हणाली, तिच्या आईच्या घरचा हिरवा रस्सा. कोंबडीचा, नारळाच्या दुधातला. मी म्हटलं सांग काय काय लागतं, आणि पुढचा आठवडा मी तुमच्या घरात नवी नवरी झाले. तिला चुलीजवळ उभं राहवत नव्हतं, म्हणून ती मागच्या दारात खुर्ची टाकून नाकाला ओढणी लावून बसायची आणि तिथून हुकूम सोडायची. सासू ती, सून मी.

गंमत अशी की निम्मं सामान आपल्याच दारात होतं. तुम्ही मोरीपाशी लावलेला गवती चहा आता माणसाच्या छातीएवढा झालाय. ती म्हणाली, इतका आहे आणि तुमी नुसता चहात घालता? पात नव्हे, खालचा पांढरा दांडा लागतो. मी कोथिंबीर निवडून मुळं फेकत होते, ती तिनं कचऱ्यातून उचलून धुवायला लावली. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला आपण जन्मभर चव उकिरड्यावर टाकत आलो हे असं भर दुपारी कळावं. पण एक कठीण प्रसंग आला. मी नारळ फोडून वळले तर ही अंगणात तुळशीपुढं उभी, हात पुढं केलेला. मला वाटलं पोरगी नमस्कार करतेय, माझा ऊर भरून आला. तर ती कोंबडीत घालायला पाला खुडत होती. त्यांच्याकडं तुळशीचीच कुणीतरी मावसबहीण रश्शात घालतात म्हणे. मी कशी धावले ते मला आठवत नाही. पायात चप्पल नव्हती एवढं आठवतंय.

उरलेल्या सामानासाठी मी भोरला गेले. तुम्ही ज्यांच्याकडून बाळंतकाढा घ्यायचात त्या काष्ठौषधीवाल्या चाचांच्या दुकानात आता त्यांचा मुलगा बसतो, त्याचेही केस पिकलेत. मी कुलिंजन मागितलं. आल्यासारखं दिसतं, आपण घसा बसला की तोंडात धरतो ते. त्यानं एक कांडी पुढं केली. मी म्हटलं पावशेर दे. त्यानं चष्मा वर केला. "काय वयनी, अख्ख्या वेल्ह्यातल्या कीर्तनकारांचा घसा बसलाय का?" मी सगळी हकीगत सांगितली, तुळशीसकट. तो गल्ल्यावर डोकं टेकून हसला आणि मग म्हणाला, त्यांना तुळस नको असेल, सब्जा असेल. दुकान तसंच सोडून मागच्या घरात गेला आणि स्वतःच्या परसातला सब्ज्याचा हिरवागार जुडगा घेऊन आला. वर म्हणाला, सूनबाईला सलाम सांगा आणि जमलं तर डबा पाठवा.

मग मी रस्सा केला. कुलिंजन रात्रभर भिजवलेलं, हिरव्या मिरच्या, गवती चहाचे दांडे, लसूण, धने, कोथिंबिरीची मुळं, ईडलिंबाची साल आणि भाजलेला जवळा, सगळं पाट्यावर. हात आपोआप मोहरीच्या डब्याकडं गेला तेव्हा दारातून नुसतं "आई" असं आलं, मी डबा ठेवला. वाटण आधी नारळाच्या दाट दुधात परतायचं, तेल सुटलं की कोंबडी, मग पातळ दूध आणि शेवटी सब्ज्याचा पाला. रंग सुरेख आला. वासानं ती पळाली नाही, उलट ओढणी खाली घेतली. मी ताट वाढून तिच्या हातात दिलं. तिनं एक घास घेतला, दुसरा घेतला, म्हणाली, लई छान झालंय. आणि ताट मांडीवर ठेवून पातेल्याकडं बघत राहिली. ती निघून गेल्यावर मी बोट लावून बघितलं. समुद्र. जवळ्यात मीठ असतं ते असतंच, वाटताना मी वर घातलं आणि उकळी आल्यावर सवयीनं पुन्हा घातलं. पाहुण्यांसारखं खोटं बोलायची रीत पोरगी आपल्या घरात किती लवकर शिकली होती.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा रस्सा चढवला, तेव्हा ती खुर्ची उचलून थेट आत आली.

"आई, काल चाखलं न्हाई?"

मी सांगितलं, आमच्यात सैपाक करताना चाखत नाहीत. देवाला दाखवायच्या आधी ते उष्टं होतं.

तिनं पातेल्याकडं बघितलं. "देव कोंबडी खातो?"

"न्हाई खात."

"मग?"

मी नुसतं बाहेरच्या खोलीकडं बोट केलं. तिथं भिंतीवर तुमचा फोटो आहे, हार घातलेला, चुलीवर नजर ठेवून.

तिनं एका वाटीत पळीभर रस्सा घेतला, जाऊन तुमच्या फोटोखाली ठेवला, हात जोडले आणि परत येऊन म्हणाली, "आमच्यातबी गेलेल्यांना आधी वाढतात. त्यांचं झालं. आता चाखा."

आत्याबाई, तो रस्सा अळणी होता, मीठ घालायचंच होतं. पण तुम्हाला कोंबडी आवडायची, तुम्ही चालवून घेतलं असेल. मी तळहातावर थेंब घेतला आणि जिभेला लावला. तीस वर्षांत पहिल्यांदा. मीठ घातलं, चाखलं. चिंचोक्याएवढा गूळ घातला, चाखलं. ती म्हणाली अजून, लिंबू पिळलं, चाखलं. आधी तिखट, मागून आंबट, तळाशी गोड, आणि सगळ्याच्या वर तुमचा गवती चहा. मला हसू यायला लागलं. तिला काय झालं कळेना, पण तीही हसायला लागली. आंबेमोहोराचा भात वाढला. तिनं एक ताट संपवलं, दुसरं मागून घेतलं आणि बोटं चाटली. मग आम्ही दोघी जमिनीवर पाय पसरून, ते तिच्या पोटात राहतंय का याची वाट बघत बसलो. राहिलं. तुमचा नातू कामावरून आला तर पातेलं रिकामं. म्हणाला, मला? ती म्हणाली, तू भाकरी खा. चाचांच्या मुलासाठी एक डबा मात्र मी आधीच काढून ठेवला होता. आता दर दोन दिवसांनी हिरवा रस्सा होतो, मनगटातल्या बांगड्या मनगटात थांबतात, आणि विमानाचं नाव कुणी काढत नाही.

आता एक सांगायचं राहिलेलं. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या गौरी. घरात पंचवीस माणूस. मी चुलीपाशी कटाची आमटी तळहातावर घेऊन चाखली आणि तुम्ही दारातून बघितलंत. "गौरीनं उष्टं खायाचं व्हय?" म्हणत अख्खं पातेलं उचललंत आणि गोठ्यात नेऊन म्हशीपुढं ओतलंत. सगळ्या बायकांसमोर. मग पदर खोचून दुसरी आमटी स्वतः केलीत. ही गोष्ट मी तीस वर्षं सांगते आहे. हळदीकुंकवाला, बारशाला, तुमच्या दहाव्यालासुद्धा सांगितली. तुमचा आवाज काढून सांगते, बायका डोळे पुसेपर्यंत हसतात, आणि जाताना म्हणतात, बाई, काय सोसलंस गं.

त्यात एक गोष्ट मी कधीच सांगितली नाही. त्या आमटीत मी मीठ दोनदा घातलं होतं. म्हणूनच चाखली. तुमच्या मागोमाग मी गोठ्याच्या दारापर्यंत आले होते. म्हशीनं तोंड घातलं आणि लगेच बाजूला केलं. तुम्ही म्हशीकडं बघितलंत, मग माझ्याकडं बघितलंत, आणि आत जाऊन बायकांना सांगितलंत की पोरीनं नैवेद्य उष्टा केला. खारट झाली होती, हे तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत. उष्टावणारी सून चालते, तिला वळण लावता येतं. पंचवीस माणसांचा सैपाक नासवणारीला गाव जन्मभर सोडत नाही. हे मला तेव्हाच कळलं होतं. पण गोष्ट माझ्या बाजूनं फार छान रंगत होती.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुमच्या भावाची पत्रं यायची ती मीच वाचून दाखवायचे आणि तुम्हाला त्रास होईल तेवढं गाळायचे. हेही पत्र पोचलं असतं तर मलाच वाचावं लागलं असतं. मी पाटा सांगितला असता, तुळस सांगितली असती, चाचांच्या मुलाची थट्टा दोनदा सांगितली असती. हा शेवटचा भाग मात्र, आत्याबाई, मी गाळला असता.